खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

माझ्या दिराचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. शटर रस्त्याकडे उघडतं, मागचं दार स्वयंपाकघराकडे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि येणाऱ्यांसाठी तीन प्लास्टिकच्या खुर्च्या; त्यातली एक कायमची माझ्या सासऱ्यांची. पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा, रेशनकार्डातलं नाव, पिंपळगाव रेणुकाईतून सरकारकडे जे काही जातं त्यातलं बरंचसं या एका कॉम्प्युटरमधून जातं. तो बिघडला असता तर मला घरात कोणी जेवायला वाढलं नसतं असं नाही, कारण वाढणारी मीच. पण बोलणी पोटभर मिळाली असती. याच कॉम्प्युटरच्या आत मला विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीवरचा एक टेस्ट सर्व्हर उभा करायचा होता.

सात वर्षं मी पुण्यात टेस्टर होते. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या आणि त्या जशा दिसल्या तशा लिहून कळवायच्या, असं ते काम. मला ते जमायचं, कारण दुसऱ्याच्या चुका काढायची मला मुळातच हौस आहे. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दुसऱ्या तालुक्यात, शनिवारी घरी येणारा. मी गावी आले. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या आणि मी राहिले. गावी येऊन आठ वर्षं झाली. छळ वगैरे काही नव्हता, माणसं चांगली होती. पण जुन्या मैत्रिणीचा फोन आला आणि तिने "सध्या काय करतेस?" विचारलं की मी "घरीच" म्हणायचे, आणि तो एक शब्द उच्चारताना मला स्वतःचाच राग यायचा.

त्यामुळे घरून काम देणाऱ्या एका कंपनीने माझ्या अर्जाला उत्तर दिलं तेव्हा मला ती नोकरी किती हवी होती हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही वरवरच सांगितलं. कंपनीचं म्हणणं रास्त होतं. मधे आठ वर्षं गेलीत, तर आधी हात चालतो का ते दाखवा. स्वतःच्या विंडोज कॉम्प्युटरवर लिनक्सचा सर्व्हर बसवा, आम्ही दिलेला प्रोग्राम त्यावर चढवा आणि तीन दिवस तो चालू ठेवा. त्यांचं मशीन दर पाच मिनिटांनी माझ्या सर्व्हरला हाक मारणार, सर्व्हरने ओ द्यायची. त्यांच्या माणसालाही आत शिरून पाहता येईल अशी वाट ठेवायची. चौथ्या नाही तर पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल. जमलं तर काम.

माझा लॅपटॉप केव्हाच मुलाच्या गेमच्या आणि माझ्या दुर्लक्षाच्या वाटेने गेला होता. उरला दिराचा कॉम्प्युटर.

"भाऊजी, तुमच्या कॉम्प्युटरला काही होणार नाही," मी सांगितलं. "विंडोज आहे तसंच राहील. त्याच्या आत एक वेगळा, खोटा कॉम्प्युटर तयार करायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. घरात एक खोली भाड्याने दिल्यासारखं. भाडेकरूचा आपल्या चुलीशी संबंध नाही."

"मंग मेमरी?" दिराने बरोबर जागी बोट ठेवलं.

"आठ जीबीतली दोन त्याची."

"माझे फॉर्म अटकले तर?"

"तर मी स्वतः बसून भरीन."

हे त्याला पटलं. फॉर्म भरायला बसलेली वहिनी म्हणजे त्याला दुपारची झोप. सासरे खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "खर्चा किती?" फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

सर्व्हर उभा करायला मला साडेतीन दिवस लागले. पूर्वी हेच काम मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकत असे. पहिला दिवस लिनक्सची फाईल उतरवण्यात गेला. मोबाईलचं नेट, मिरचीच्या बाजाराच्या वेळी सगळं गाव फोनवर, आणि फाईल नव्वद टक्क्यांवर येऊन परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना. मी दोन तास सगळं उलटंपालटं केलं, मग लक्षात आलं की कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्येच ती सोय बंद आहे. कॉम्प्युटर चालू होताना एक कळ दाबून त्या निळ्या पडद्यावर जावं लागतं. मी गेले. नेमका तेव्हाच दीर मागे येऊन उभा राहिला.

"वहिनी, हे निळं कामून झालं?"

"होऊ द्या."

"न्हाई, पण उद्या विम्याची गर्दी हाय."

"भाऊजी, बाहेर जाऊन बसा."

मी त्याला असं कधी बोलत नाही. तो गेला. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं, कारण तो आवाज माझ्या पुण्यातल्या टेबलावरचा होता.

तिसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सर्व्हरने माझं नाव-पासवर्ड मागितला. लिनक्स पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच दाखवत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मला हे माहीत होतं, तरी क्षणभर वाटलं कीबोर्ड गेला. मग आत शिरले. आज्ञा डोक्याला आठवत नव्हत्या, पण बोटांना आठवत होत्या. डोकं थांबलं की बोटं पुढची तीन अक्षरं टाकून मोकळी होत. मी एकटी बसून हसत होते. सासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चित्र दिसंना व्हय?" मी म्हटलं, यात चित्र नसतंच. "मंग काय पाहून राह्यलीस एवढं?"

आमच्याकडच्या नेटवर बाहेरून आत सहज येता येत नाही. म्हणून माझ्या सर्व्हरनेच कंपनीच्या मशीनपर्यंत एक बोगदा खणून तो धरून ठेवायचा, आणि त्या बोगद्यातून त्यांनी यायचं, अशी तोड काढली. ती चालली. कंपनीच्या माणसाची मेल आली: आत येता येतंय, छान. ती एक ओळ मी स्वयंपाक करता करता चारपाच वेळा वाचली असेल.

तीन दिवस कोणते ते मीच ठरवायचे होते. मी नवरात्रातले शेवटचे तीन निवडले: सप्तमी, अष्टमी, नवमी. मग दसऱ्याची सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी कॉल. का? तर दीर अष्टमीपासूनच दुकान अर्धवट उघडं ठेवतो आणि नवमीला पूर्ण बंद. दुकान बंद म्हणजे कॉम्प्युटर मोकळा, भाडेकरूला सगळी खोली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मग तयारी. लाईनमनला गाठून त्या आठवड्यात लाईन बंद ठेवायचं काही काम आहे का ते विचारलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरलं. विंडोजचे अपडेट पुढे ढकलले, कॉम्प्युटर झोपू नये असं सेटिंग केलं. बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर कागद: "बंद करू नये." तरीही अगदीच गरज पडली तर खटका न मारता, आधी सर्व्हरला रीतसर निरोप देऊन कसं बंद करायचं, ते दिराला दोनदा करून दाखवलं. एवढं सगळं करणाऱ्या बाईला जी एक गोष्ट सुचली नाही ती अशी, की नवमीला दुकान बंद का असतं.

नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात आणि त्यांना सुट्टी देतात. आमच्या सासऱ्यांकडे ही सुट्टी पक्की असते. कुऱ्हाड, खुरपी, पहार, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर, शिलाई मशीन. त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवायची. आणि ती आठ वर्षं मीच चिरत आले होते. दुकान आल्यापासून कॉम्प्युटरही त्या रांगेत बसतो. दर वर्षी त्याच्यासाठी हळदकुंकवाचं ताट मी करते. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ती आदल्या दिवशीची भाजीसुद्धा मी चिरली, गवार, आणि गवार निवडताना मनात हिशोब करत होते की आता फक्त एकच दिवस उरला.

नवमीला सकाळी मी देवीची ओटी भरायला गेले. रेणुकाईच्या देवळात त्या दिवशी बायकांची रांग पार बाहेर रस्त्यापर्यंत येते. मला घाई नव्हती. सर्व्हर चालू होता, फोन घरी कॉम्प्युटरलाच चार्जिंगला लावलेला होता. रांगेत उभी राहून मी देवीकडे काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

घरी आले तेव्हा बारा वाजून गेले होते. दुकानाच्या फरशीवर सगळी हत्यारं धुऊन मांडलेली. मधोमध कॉम्प्युटर, पडद्यावर कुंकवाचं बोट, कीबोर्डवर अक्षता, सीपीयूच्या डब्यावर झेंडूचं फूल. पडदा काळा. हा काळा लिनक्सचा नव्हता.

"बंद केला?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही दाखवलं तसंच केलं," दीर लगबगीने म्हणाला. "आधी आतला बंद केला रीतसर, मंग इंडोज. खटका बिलकुल न्हाई मारला. तुम्हाला फोन लावल्ता, तो इथंच वाजला."

"आणि हा कागद?"

"तो गिऱ्हाइकासाठी न्हाई का?"

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले आणि बटणावर हात ठेवला. सासरे खुर्चीतून म्हणाले, "आजचा दिवस न्हाई, बाई."

"मामा, हा चालू राहिला नाही तर माझं काम जाईल."

आठ वर्षांत "माझं काम" हे शब्द मी त्या घरात पहिल्यांदा बोलले असेन. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आवाज चढणार. या माणसाने ऐन कामाच्या घाईतही पोळ्याला कधी बैल जुंपला नाही, असं दीर अभिमानाने सांगत असतो. पण ते म्हणाले, "असं हाय का? मला कुणी बोललंच न्हाई. कर मंग चालू. फकस्त आधी हात जोड."

मी हात न जोडताच बटण दाबलं. दहा मिनिटांत सगळं परत उभं राहिलं. बोगदा मात्र आपोआप जोडला गेला नाही, तो मला हाताने जोडावा लागला. तसं आपोआप होण्याची व्यवस्था मीच करून ठेवली नव्हती. सर्व्हर चार तास गप्प होता. झेंडूचं फूल गरम डब्यावर वाळू नये म्हणून सासऱ्यांनी उचलून पंपावर ठेवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉल होता. दिराने शटर गुडघ्याइतकं ठेवून बाकी ओढून घेतलं आणि तो गिऱ्हाईक थोपवायला बाहेर ओट्यावर बसला. सासरेही बाहेरच. मी साडीवर बरा दिसेल असा एक जुना कोट चढवला होता आणि पडद्यावरचं कुंकू आधीच पुसून टाकलं होतं. कीबोर्डच्या फटींतल्या अक्षताही टाचणीने काढल्या होत्या. समोरच्या माणसाला यातलं काहीच दिसणार नव्हतं, तरी काढल्या.

तो माझ्यापेक्षा लहान होता, बोलायला सभ्य. बोगद्याची कल्पना त्याला आवडली. मी सापडलेल्या चुकांची यादी दिली होती तीही आवडली. अर्धा तास मी पुण्यातलीच होते. मग तो म्हणाला, "मॅडम, नवमीला साधारण चार तास सर्व्हर बंद होता. काय झालं होतं?"

"लाईट गेली होती, सर," मी म्हणाले. "बॅटरीही उतरली. खेड्यात असं होतं."

इतकं सहज निघालं तोंडातून. तो "हो, होतं खरं" म्हणाला आणि त्याने खाली काहीतरी लिहिलं. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात शटर कुरकुरलं. सासरे वाकून आत आले आणि टोपी नीट करून थेट माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"साहेब, रामराम. लाईट न्हाई गेल्ती," ते कॅमेऱ्याकडे नाही, पडद्यावरच्या तोंडाकडे बघून म्हणाले. "त्या दिवशी आमच्यात हत्यारं पुजत्यात. मशीन मी बंद करायला लावल्तं. हिला ठावं नव्हतं, ही देवळात गेल्ती. तिची चूक बिलकुल न्हाई. तिचं काम रोखू नका."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तो माणूस आधी त्यांच्याशीच बोलला. पूजा कशी करता, काय काय मांडता, असं त्याने आस्थेने विचारलं. सासऱ्यांनी स्टार्टरपर्यंत सगळं सांगितलं. मग त्याने त्यांना नमस्कार केला आणि ते आले त्याच वाटेने, तसेच वाकून बाहेर गेले.

"मॅडम," तो म्हणाला, "मी नवमीलाच आत येऊन लॉग बघितला होता. सर्व्हर नीट, रीतसर बंद केलेला होता. लाईट गेली की नोंद वेगळी दिसते, तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीतच होतं. सर्व्हर आपल्या बाबतीत जे होतं ते स्वतः लिहून ठेवतो, आणि ते वाचण्यावर मी सात वर्षं पोट भरलं होतं.

"पूजेसाठी बंद केला म्हणाला असतात तर आपण हसून पुढे गेलो असतो," तो म्हणाला. "चार तासांचं काहीच नाही. पण टेस्टरने सांगितलेलं आम्ही परत तपासत बसत नाही ना."

त्याने आवाज जराही चढवला नाही. संध्याकाळी मेल आली, आभार मानणारी. मी ती एकदाच वाचली.

शटर केव्हाच वर गेलं होतं, दुकानात गिऱ्हाइकं होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. सासरे मागच्या दारात येऊन उभे राहिले. सासूबाई गेल्यापासून ते स्वयंपाकघराचा उंबरा फारसा ओलांडत नाहीत.

"काम गेलं का?"

"हो."

"माझ्यामुळं?"

"नाही, मामा. मी खोटं बोलले म्हणून."

"पर खोटं कामून बोललीस? सांगायचं होतं, सासऱ्यानं बंद केलं म्हणून. मी काय नको म्हणलो असतो?"

मी कणकेकडे बघत म्हणाले, "तुमच्यावर येऊ नये म्हणून."

त्यांचे डोळे भरून आले. आठ वर्षांत मी त्यांना दोनदाच रडताना पाहिलं, एकदा सासूबाईंना नेताना आणि एकदा हे. "येडी हायेस," एवढंच बोलून ते गेले.

खरं असं होतं की मला त्यांची काळजी अजिबात वाटली नव्हती. मला लाज वाटली होती. त्या सभ्य पोराला कळू नये, की माझा सर्व्हर जिथे चालतो तिथे पडद्याला कुंकू लावतात आणि कीबोर्डवर तांदूळ टाकतात. लाईट जाणारं खेडं चालेल, कॉम्प्युटर पुजणारं घर नको, असं मी अर्ध्या सेकंदात ठरवलं होतं. आणि ज्यांची लाज वाटली त्यांच्याच तोंडावर, अर्ध्या दिवसात, मी दुसरं खोटं बोलले. ते मात्र पचलं.

आता ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. पाहुणे असोत, फॉर्म भरायला आलेला कुणी असो. "शहरातलं काम बराबर हातात आल्तं. माझ्यावर बोट येऊ नये म्हणून सोडलं पोरीनं. पोटची लेक न्हाई करणार." लोक माझ्याकडे आदराने बघतात. एकदोन बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण देतात असंही ऐकलं.

मी तिथेच असते. रिकामे कप गोळा करते आणि आत जाते.